ऑस्ट्रेलियाच्या कॅटल स्टेशनवर पहिला हंगाम : गुरांच्या कामाला जाणाऱ्यांसाठी

मी कृष्णाकाठचा, वाळवा तालुक्यातला. घरी दावणीला कायम चार-पाच जनावरं, धारा काढतच मोठा झालो. त्यामुळे ऑस्ट्रेलियात गुरांच्या कामाला निघालो तेव्हा डोक्यात एकच होतं : बाकी काही येवो न येवो, हे काम आपल्याला येतं. पहिल्या दिवशी यार्डात, म्हणजे गुरांच्या कोंडवाड्यात, उतरलो आणि तासाभरात हेड स्टॉकमनने, म्हणजे गुरांच्या टोळीच्या मुकादमाने, मला तीनदा एकच शब्द ऐकवला : "बॅक!" मागे हो. मी जनावराच्या फार जवळ जात होतो. घरी जनावराला हात लावल्याशिवाय काम सुरू होत नाही, तिथे हात लावायची वेळ आली म्हणजे आधी काहीतरी चुकलेलं असतं.

हे उलटं गणित उमगायला मला महिना लागला. तुम्हाला कमी लागावा म्हणून हे लिहितोय.

आधी 'स्टेशन' म्हणजे काय ते. रेल्वेचं नाही. हजारो चौरस किलोमीटरचं गुरांचं रान, मधे एक वस्ती, आणि जवळचं गाव दोन-तीनशे किलोमीटरवर. साउथ ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक हे सगळ्यात मोठं, १५,००० चौरस किलोमीटरच्या वर. आपला अख्खा सांगली जिल्हा साडेआठ हजारांचा. गुरं मोकळी, वर्षातून एकदा-दोनदा माणूस बघणारी. गुरं गोळा करण्याच्या कामाला मस्टरिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला रिंगर. शिकाऊ मुलगा असेल तर जॅकारू, मुलगी असेल तर जिलारू. मुली खूप असतात, हे मुद्दाम सांगतो.

१. व्हिसा : आधी सोडत, मग बाकी सगळं

भारतीयांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' म्हणजे सबक्लास ४६२ हा व्हिसा २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा, आणि निवड सोडतीने. सोडतीत नाव नोंदवायचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, तेही ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या वेबसाइटवर, स्वतःच्या हाताने. नाव निघालं तर अर्ज करायला २८ दिवस मिळतात. अर्जाची फी साडेसहाशे डॉलरच्या वर आहे आणि बहुतेक दर जुलैत वाढते.

अटी थोडक्यात : वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी (आयईएलटीएस दिली तर सरासरी ४.५ पुरते), आणि खात्यात साधारण ५,००० डॉलर.

इथला सापळा म्हणजे एजंट. "सोडतीत नाव लावून देतो" म्हणणारा तुमचेच २५ डॉलर भरतो आणि तुमच्याकडून हजारो रुपये घेतो. सोडत ती सोडत, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने असे पैसे घालवले आणि नाव निघालं नाही ते नाहीच.

या व्हिसावर तीन महिने ठरावीक भागात ठरावीक काम केलं, तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. उत्तर ऑस्ट्रेलियातलं गुरांचं काम त्यात बसतं. पण नोकरी स्वीकारण्याआधी त्या स्टेशनचा पिनकोड गृहखात्याच्या यादीशी ताडून बघा. मालक "बसतं की" म्हणाला एवढ्यावर जाऊ नका.

२. कागदपत्रं

- पासपोर्ट, मुदत भरपूर असलेला
- पॅनकार्ड (सोडतीच्या नोंदणीलाच लागतं)
- पदवी किंवा मार्कशीट, इंग्रजी परीक्षेचा निकाल
- बँकेचं स्टेटमेंट
- गाडीचा परवाना आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना. गाडी गियरची चालवता आली पाहिजे, नुसती ऑटोमॅटिक येऊन भागत नाही
- प्रथमोपचाराच्या कोर्सचं सर्टिफिकेट. सक्तीचं नसलं तरी अर्ज वर सरकतो
- आरोग्य विमा. भारतीयांना तिथली सरकारी मेडिकेअर मिळत नाही. कामावर लागलेलं मालकाच्या विम्यातून निघतं, पण दाढ दुखली तर ती तुमची

तिथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा : बँकेचं खातं आणि टॅक्स फाइल नंबर. हा नंबर फुकट मिळतो. मालकाला दिला नाहीत तर पगारातून ४५ टक्के कर कापला जातो.

३. क्यू-फीवरची लस

याची आपल्याकडे कुणाला कल्पनाच नसते. क्यू-फीवर हा जनावरांपासून माणसाला होणारा ताप. वार, गर्भाचं पाणी, मूत, शेण यांतले जंतू धुळीतून श्वासात जातात, आणि काहींना महिनोन्‌महिने थकवा राहतो. ऑस्ट्रेलियात यावर लस आहे आणि बरीच स्टेशनं ती घेतल्याशिवाय कामावर घेत नाहीत.

पण ही लस गेलं, टोचलं, आलं अशी नाही. आधी रक्ताची आणि कातडीची चाचणी, तिचा निकाल सात दिवसांनी, मगच लस. तुम्हाला पूर्वी संसर्ग झालेला असेल तर लस द्यायचीच नसते, आणि गोठ्यात वाढलेल्या माणसाच्या बाबतीत तो झालेला असू शकतो. डॉक्टरला घरी गुरं होती हे स्पष्ट सांगा. लस अंगी लागायलाही दोन आठवडे. म्हणजे उत्तरेतल्या डार्विन शहरात उतरून परवा कामावर, हा हिशेब चुकीचा. महिना हाताशी ठेवा.

४. काम कधी आणि कसं शोधायचं

उत्तरेत दोनच ऋतू. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, तेव्हा रस्ते बंद. मे ते ऑक्टोबर कोरडा, तेव्हाच मस्टरिंग. माणसं भरतात ती जानेवारी ते मार्चमध्ये. जूनमध्ये गेलात तर पळून गेलेल्याची जागा मिळते, आणि तो का पळाला हे आधी विचारा.

जाहिराती मोठ्या पशुपालन कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर असतात, 'रिंगर्स फ्रॉम द टॉप एंड'सारख्या नोकरीच्या वेबसाइटवर असतात. अर्ज एका पानाचा करा. मी पहिल्यांदा आपल्या पद्धतीने वडिलांच्या नावापासून छंदांपर्यंत तीन पानं पाठवली, एकानेही फोन केला नाही. मग एवढंच लिहिलं : वय, व्हिसा, कुठली वाहनं येतात, गुरांचं कुठलं काम केलंय, कधीपासून मोकळा आहे. आणि स्वतः फोन केले.

फोनवर हमखास प्रश्न : घोडा येतो का? येत नसेल तर नाही म्हणा. नवख्याला शांत घोडा देऊन शिकवणारी स्टेशनं आहेत. काही ठिकाणी घोडा नाहीच, मोटारसायकल आणि हेलिकॉप्टरवर काम. पण "येतो" म्हणालात तर पहाटे पाचला खोगीर घालून कोण दाखवणार?

तुमच्या बाजूने विचारायचं : ताशी पगार की आठवड्याचा, राहणं-खाणं त्यात धरलंय की कापणार, आठवड्याला किती दिवस, खोली स्वतंत्र की वाटून, खोलीला आतून कडी आहे का, फोन-इंटरनेट काय. मुलींनी तर, तिथे आणखी बायका काम करतात का हेही विचारावं, आणि एखादीशी बोलायला मागावं. चांगला मॅनेजर याचं वाईट वाटून घेत नाही.

५. सामान, आणि विमानतळावरचं तूप

घरचे शेतातले बूट बरोबर घेऊ नका. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, लम्पीने २०२२ मध्ये काय केलं ते आपण पाहिलंय. ऑस्ट्रेलियात हे दोन्ही रोग नाहीत आणि ते येऊ नयेत म्हणून ते लोक जिवापाड जपतात. चपलेच्या तळाला वाळलेलं शेण सापडलं तर प्रकरण होतं. विमानातल्या कार्डावर शेतावर गेलो होतो, जनावरांत होतो, हे खरं लिहा. आईने दिलेलं तूप, खव्याचे पेढे, लोणचं सगळं जाहीर करा. जप्त झालं तर हळहळ, लपवलं तर दंड. आणि उतरल्यावर सात दिवस गुरांपासून लांब राहा.

सामान तिथेच डार्विन किंवा कॅथरीनमध्ये घ्या : टाचेचे चामडी बूट, रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, जाड जीन्स, डोक्याला बांधायची बॅटरी, खिशातला चाकू आणि स्वॅग. स्वॅग म्हणजे गादीसकट गुंडाळायची कॅनव्हासची वळकटी, मस्टरिंग कॅम्पवर त्यातच उघड्यावर झोपायचं. भारी ब्रँडचे बूट पहिल्याच हंगामात घेऊ नका, महिन्याभरात सगळ्यांचे बूट एकाच रंगाचे होतात.

६. पहिला आठवडा : फाटक, पाणी, गाडी

गुरांच्या आधी हे तीन.

फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. आपली सवय 'दिसलं उघडं की लाव', ती इथे घात करते. उघडं फाटक कदाचित गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून असतं. गाडीत चालकाशेजारी बसलेला माणूस उतरून फाटक उघडतो, हा न लिहिलेला कायदा. मी दोन दिवस पाहुण्यासारखा बसून राहिलो होतो.

नवख्याला बरेचदा 'बोअर रन' देतात. गाडी घेऊन एकेका बोअरवर जायचं, टाकी, हाळ, फ्लोट (हाळातलं पाणी चालू-बंद करणारा तरंगता गोळा) बघायचं. कंटाळवाणं वाटतं, पण मोठं जनावर दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितं आणि उन्हात एखादा फ्लोट अडकला तर दोन दिवसांत अख्खा कळप संपतो. हाळ भरलेला दिसला तरी वाकून फ्लोट दाबून बघा, पाणी येतंय ना. निघताना कुठे चाललो, कधी परतणार, हे सांगून निघा. गाडीत पाणी, दोन स्टेपनी, रेडिओ. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. शोधायला येणाऱ्याला विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

वस्तीवर औषधांची मोठी पेटी असते, रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची. हे विमानातून येणारे डॉक्टर १९२८ पासून काम करतायत. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर असतो. फोनवरचा डॉक्टर "अमुक नंबरची गोळी द्या" सांगतो. पेटी कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

७. जनावरापासून अंतर

आता मूळ गोष्ट. आपलं जनावर हाताखाली वाढतं. वेसण, कासरा, दावं, नाव घेऊन हाक, थोपटणं. त्याला भीती अशी नसतेच. स्टेशनवरच्या जनावराने माणूस पाहिलेला असतो तो वर्षातून एकदा, तोही डागणी देताना.

अशा प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं, तिकडे त्याला फ्लाइट झोन म्हणतात. तुम्ही वर्तुळाबाहेर असलात की ते तुमच्याकडे बघत उभं राहतं. कडेवर पाय टाकलात की चालू लागतं. एकदम आत घुसलात की उधळतं, किंवा जागा नसेल तर अंगावर येतं. सगळं काम या कडेवर करायचं. एक पाऊल पुढे, जनावर हललं की लगेच थांबायचं किंवा मागे यायचं. दाब दिला, त्याने ऐकलं, दाब काढला. दाब काढायला विसरणं ही सगळ्या नवख्यांची चूक, आणि म्हणूनच मला "बॅक" ऐकावं लागत होतं.

दुसरी खूण म्हणजे खांदा. तुम्ही खांद्याच्या मागे आलात तर जनावर पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर थांबतं किंवा वळतं. अरुंद गल्लीत रांगेने उभी असतील तर शेवटच्याला मागून ढोसत बसू नका. रांगेच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे बाजूने शांत चालत या. तुम्ही ज्याच्या ज्याच्या खांद्यापलीकडे जाल ते ते पुढे सरकत जाईल. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला जादू वाटली. बैलाची शेपटी पिरगाळण्यात घालवलेली माझी शाळकरी वर्षं आठवली आणि लाज वाटली.

बरोब्बर पाठीमागे त्याला दिसत नाही. तिथे उभे राहाल तर ते तुम्हाला बघायला गर्रकन वळेल. ओरडू नका, शिट्ट्या मारू नका. आपल्याकडची 'हुर्रर्र' आणि 'हाड्या' मी सगळी वाटेतच सांडली.

उत्तरेतली गुरं बहुतेक ब्राह्मण जातीची किंवा तिच्या संकराची : वशिंड, लोंबती पोळी, मोठे कान. पाहताक्षणी घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. ही जात अमेरिकेत घडली ती भारतातून नेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली या रक्तांतून. कृष्णा व्हॅली म्हणजे आमच्याच नदीकाठचं जनावर. पण नात्याच्या भरवशावर जवळ जाऊ नका. ब्राह्मण हुशार आणि मानी. शांतपणे नेलं तर वासरासारखी मागे येते; फार रेटलं तर रुसून मटकन बसते आणि मग काही केल्या उठत नाही.

एक अपवाद. आई मेलेली, बाटलीवर वाढवलेली वासरं असतात, पॉडी म्हणतात. तिथे आपला हात चालतो. बाटली धरायला, बोट चोखायला देऊन प्यायला शिकवायला मी सगळ्यांत पुढे होतो. मात्र असा वाढलेला गोऱ्हा मोठेपणी जास्त धोकादायक, कारण त्याला माणसाचं भयच नसतं.

शिकायची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे वीनर, नुकती आईपासून तोडलेली वासरं. आठवडाभर त्यांना यार्डात गवत घालतात, माणसांतून फिरवतात, मग रोज थोडं बाहेर चारायला नेऊन परत आणतात. अनुभवी माणसं या कामाला कंटाळतात. तुम्ही मागून घ्या.

८. यार्ड, म्हणजे जिथे हाडं मोडतात

मस्टरिंगला हेलिकॉप्टर, धूळ, घोडे, फोटो. पण लागतं ते जास्त यार्डातच. मोठ्या कोंडवाड्यातून लहानात, तिथून गल्लीत, गल्लीच्या टोकाला लोखंडी खोडा. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्याबाहेर असतो तोच, फक्त मानेला आणि बाजूंना दाबणारा. वासरांसाठी आडवं पाडणारा वेगळा पाळणा असतो. तिथे एकाच वेळी डागणी, कानाला खूण, इलेक्ट्रॉनिक बिल्ला, शिंगं काढणं, गोऱ्ह्यांचं खच्चीकरण. नॉर्दर्न टेरिटरीच्या, म्हणजे डार्विन ज्या प्रांतात आहे तिथल्या, डागणीत तीन अक्षरं आणि त्यातलं एक 'टी' असतं, म्हणजे कुठल्याही बाजारात जनावर कुठलं ते कळतं.

नियम मला असे शिकवले :

- आत शिरण्याआधी बाहेर कुठून पडणार ते बघा. कठडा चढता येईल ना?
- फाटकाच्या मागे उभे राहू नका. जनावर फाटकावर आदळलं की फाटक तुमच्या तोंडावर येतं.
- गल्लीच्या गजांमधून हात किंवा पाय आत घालू नका. बिल्ला खाली पडला तर पडू द्या.
- कळपातून एकटं राहिलेलं जनावर हे सगळ्यांत घातकी. त्याच्यासाठी आणखी दोन सोबती आणा, लगेच निवळतं.
- डोकं वर करून, कान रोखून ते तुमच्याकडेच बघतंय, तर कामाचं नंतर बघू, आधी कठड्यावर.

हेलिकॉप्टर जमिनीवर असलं तरी मागच्या बाजूने जवळ जायचं नाही. मागचा पंखा फिरताना दिसत नाही.

९. ताट आणि मन

हे लिहू की नको, असं झालं होतं. स्टेशनवर रोज बीफ. सकाळी, दुपारी, रात्री. ते स्टेशनवरच्याच जनावराचं असतं, आणि कधीतरी ते कापायला मदत करायची पाळी तुमच्यावरही येते. बाकीची गुरं ट्रकने जातात : काही दक्षिणेकडे, काही डार्विन बंदरातून जहाजाने इंडोनेशियाला. कशासाठी ते सांगायला नको.

मी खात नाही. फोनवरच सांगितलं होतं, स्वयंपाकिणीने मान्य केलं होतं, आणि अंडी, बटाटे, डबाबंद राजमा यांवर हंगाम निघाला. कुणी चेष्टा केली नाही असं नाही. मी मेतकूट, काळा मसाला आणि छोटा कुकर नेला होता. मसाला सीलबंद होता, जाहीर केला, सोडला. पण ताटापलीकडचा प्रश्न उरतोच. सहा महिने ज्या वासरांना चालायला शिकवलं त्यांना ट्रकमध्ये चढवायचं काम तुमचंच. ज्याला ते झेपणार नाही त्याने दुधाच्या फार्मवर किंवा फळबागेत जावं, तीन महिने तिथेही मोजले जातात. इथे येऊन, पहिल्या ट्रकच्या दिवशी ठरवू नका.

१०. पगार

किमान वेतन जुलै २०२५ पासून ताशी २४.९५ डॉलर आहे. स्टेशनच्या कामाला 'पास्टोरल अवॉर्ड', म्हणजे पशुपालनातल्या वेतनाचे कायदेशीर नियम, लागू होतो, त्यात राहणं-खाणं मिळणाऱ्यांचा दर वेगळा, त्यामुळे रोख रक्कम कमी दिसली म्हणून लगेच फसवणूक समजू नका. आधी फेअर वर्क ऑम्बड्समन या कामगारहक्कांच्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर दर तपासा. नोंदणीकृत मालकाकडे या व्हिसावाल्यांचा कर ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के.

खरी फसवणूक अशी ओळखा : पगाराची स्लिप नाही, "एबीएन (स्वतःच्या धंद्याचा नंबर) काढ, तू कंत्राटदार" म्हणणं, "पहिले दोन आठवडे ट्रायल, फुकट", पासपोर्ट ठेवून घेणं. मला पहिल्या ठिकाणी एबीएन काढायला सांगितलं होतं. मी काढला असता तर विमा, सुपर (तिथला पीएफ), सगळं गेलं असतं. चौथ्या दिवशी बस पकडून परत आलो, पाचव्या दिवशी वाटलं आपण मूर्खपणा केला, तीन आठवड्यांनी दुसरं काम मिळालं. फुकट केलेलं काम दुसऱ्या व्हिसासाठी मोजलंही जात नाही.

११. निघताना

प्रत्येक स्लिपचा फोटो ईमेलवर ठेवा. केलेल्या दिवसांची वही स्वतः लिहा. पावसाने काम बंद राहिलेले दिवस कसे मोजायचे यावर नंतर वाद होतात. दुसऱ्या वर्षासाठी लागणारा १४६४ नंबरचा फॉर्म मालकाकडून निघायच्या दिवशीच भरून सही करून घ्या, कारण पावसाळ्यात मॅनेजर गावाकडे गेला की मार्चपर्यंत सापडत नाही.

पगाराव्यतिरिक्त मालकाने १२ टक्के सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखा पैसा, भरलेला असतो. देश कायमचा सोडून व्हिसा संपल्यावर तो मागता येतो, पण त्यातले ६५ टक्के करात जातात. उरलेल्यासाठीसुद्धा अर्ज करा. ऑस्ट्रेलियात असतानाच सुपर फंडाचं लॉगिन आणि भारतातला ईमेल जोडून ठेवा. मी ते केलं नाही, आणि आता ओटीपी डार्विनमधल्या बंद पडलेल्या सिमवर जातोय.